रंगाचे उडणे आणि मुरणे : वस्त्रांवरील संप्लवन-मुद्रणाचा विचार

मराठीत रंगाविषयी बोलताना जी क्रियापदे योजली जातात त्यांची संख्या लहान नाही. रंग लागतो, बसतो, चढतो, खुलतो, मुरतो. तसाच तो उतरतो, विटतो आणि उडतो. नित्याच्या व्यवहारात ही क्रियापदे एकमेकांच्या जागी सहज वापरली जातात आणि त्यांच्यात काही तात्त्विक भेद आहे असे बोलणाराच्या मनातही येत नाही. तथापि रंगाऱ्याच्या आणि छापणाऱ्याच्या व्यवसायात शिरले म्हणजे हा भेद केवळ शब्दांचा नाही हे तत्काळ ध्यानात येते. भिंतीला दिलेला चुना बसतो; तो पृष्ठभागावर राहतो आणि कालांतराने त्याचे पोपडे निघतात. उलट तुरटीचे पाणी देऊन मंजिष्ठेच्या काढ्यात शिजवलेल्या सुतात रंग मुरतो. तो खरवडून काढता येत नाही, कारण खरवडण्याजोगा थरच तेथे नसतो. बसलेला रंग वस्तूवर असतो, मुरलेला रंग वस्तूत असतो.

कबड्डीचा संघ, धावण्याच्या स्पर्धा, गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालयांची संमेलने, परदेशातील महाराष्ट्र मंडळे ह्या सर्वांना अलीकडे आपले नाव, चिन्ह व चित्र छापलेले सदरे हवे असतात. आणि ते हजारांच्या संख्येने नव्हे, तर पंधरा, तीस किंवा फार तर शंभर. अशा कामासाठी छापखान्यात बहुधा पहिले नाव निघते ते 'सब्लिमेशन' ह्या पद्धतीचे. मागणी नोंदविणारा मनुष्य चित्राकडे पाहून होकार देतो. रंग किती झळझळीत उठेल, चेहरा किती हुबेहूब येईल, एवढेच त्याचे प्रश्न असतात. वस्तुतः त्याने ज्या गोष्टीला होकार दिलेला असतो ती गोष्ट चित्र नसून कापड होय. ही पद्धत निवडणे म्हणजे विशिष्ट जातीचे कापड, त्याचा पांढरा रंग, आणि त्या कापडाचे अंगावरील सर्व गुणदोष निवडणे होय. हे का, ते समजण्यासाठी ह्या पद्धतीत रंगाचे नेमके काय होते हे पाहणे अगत्याचे आहे.

प्रथम शब्दाविषयी थोडे. घन पदार्थ द्रव न होता एकदम वायुरूप होणे ह्या क्रियेस मराठी शास्त्रीय परिभाषेत 'संप्लवन' म्हणतात. शाळेतील पाठ्यपुस्तकांनी हा शब्द रूढ केला असून कापूर, आयोडीन आणि डांबराच्या गोळ्या ही त्याची नेहमीची उदाहरणे. हिंदीत ह्याच क्रियेला 'ऊर्ध्वपातन' म्हणतात. पण मराठीत ऊर्ध्वपातन म्हणजे द्रवाची वाफ करून ती पुन्हा थंड करणे, ज्याला हिंदीत 'आसवन' हा शब्द आहे. एकच संस्कृत शब्द दोन शेजारच्या भाषांत दोन निरनिराळ्या क्रियांना चिकटला आणि त्यामुळे हिंदी पुस्तकावरून मराठी टिपण करणारा विद्यार्थी हमखास फसतो. मानसशास्त्रात त्याच मूळ इंग्रजी शब्दासाठी 'उदात्तीकरण' योजले जाते. लॅटिनमध्ये 'वर उचलणे' एवढाच त्याचा मूळ अर्थ. किमयागारांनी भांड्याच्या तळाशी असलेला पदार्थ वरच्या झाकणाला जाऊन चिकटतो म्हणून तो वापरला, आणि पुढे मनाच्या वासनाही त्याच शब्दाने वर उचलल्या गेल्या. आपल्याकडील रसवैद्यांनाही ही क्रिया अपरिचित नव्हती. वालुकायंत्रात काचेची कुपी तापवून तिच्या गळ्याशी जमणारा रससिंदूर हा ह्याच जातीचा.

ह्या सर्व परिभाषेपेक्षा बोलीतील एक साधे क्रियापद अधिक नेमके आहे. डबी उघडी राहिली तर कापूर वितळत नाही, वाहत नाही. मराठी माणूस म्हणतो, कापूर उडाला. 'उडणे' हाच संप्लवनाचा देशी शब्द होय, आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे ह्या मुद्रणाचा आरंभ व कित्येकदा त्याचा अंतही ह्याच शब्दात सांगता येतो.

आता कापडाकडे वळावयाचे. पॉलिस्टरचा धागा १९४१ साली इंग्लंडात जॉन रेक्स व्हिनफील्ड व जेम्स टेनंट डिक्सन ह्या दोघा रसायनज्ञांनी शोधून काढला. ज्या संस्थेच्या प्रयोगशाळेत हा शोध लागला तिचे नाव 'कॅलिको प्रिंटर्स असोसिएशन' असे होते. कॅलिको म्हणजे कालिकतच्या नावाने ओळखले जाणारे सुती कापड. सुती कापडावर छपाई करणाऱ्यांच्या संघाच्या घरात असा धागा जन्माला आला की ज्याच्यावर सुती कापडाचे कोणतेच रंग चढेनात, हा इतिहासातील विनोदच म्हटला पाहिजे. कापसाचा तंतू पाणी पितो. त्याच्यातील रेणूंना पाण्याची ओढ असते आणि पाण्याबरोबर पाण्यात विरघळलेला रंगही आत शिरतो. पॉलिस्टरच्या ठिकाणी ही ओढ जवळजवळ नाही. साधारण दमट हवेत कापूस आपल्या वजनाच्या सात-आठ टक्के बाष्प धरून ठेवतो, तर पॉलिस्टर अर्ध्या टक्क्याहूनही कमी. जो तंतू पाणीच आत घेत नाही, तो पाण्यातून आलेला रंग कसा घेणार?

ह्या अडचणीवर तोड सापडली ती एका जुन्या रंजकवर्गात. १९२० नंतरच्या दशकात ॲसिटेट नावाच्या कृत्रिम रेशमासाठी काही रंजके तयार करण्यात आली होती. ती पाण्यात विरघळत नाहीत. अतिसूक्ष्म कणांच्या रूपाने पाण्यात पसरून राहतात, म्हणून व्यवसायात त्यांना 'डिस्पर्स' रंग म्हणतात. त्यांचे रेणू लहान असतात, त्यांच्यावर विद्युद्भार नसतो, आणि पाण्यापेक्षा पॉलिस्टरसारख्या पदार्थात मिसळणे त्यांना अधिक मानवते. त्यांचा आणखी एक गुण रंगाऱ्यांना प्रारंभी दोषच वाटला. फार तापविले असता ते उडत. रंगविलेले कापड कडक उष्णतेत नेले की रंगाची वाफ होऊन शेजारच्या पांढऱ्या कापडावर डाग उमटत. ह्या दोषालाच मुद्रणाचे साधन करण्याचे श्रेय सामान्यतः नोएल द प्लास ह्या फ्रेंच गृहस्थास दिले जाते. फ्रान्समधील रूबे हे गाव लोकरीच्या गिरण्यांसाठी प्रसिद्ध. तेथे १९५७ च्या सुमारास त्याने असे दाखवून दिले की, हे रंग आधी कागदावर छापून ठेवता येतात आणि नंतर उष्णतेने कागदावरून कापडात पाठविता येतात. सत्तरीनंतरच्या दशकात मोठाले रूळ वापरून अशी छपाई गिरण्यांतून होऊ लागली. पुढे शाईचे सूक्ष्म थेंब फवारणारी संगणकीय मुद्रणयंत्रे आली, कागदावरील चित्र प्रत्येक वेळी बदलणे शक्य झाले, आणि गिरणीतील ही विद्या गल्लीतील दुकानापर्यंत पोचली.

दुकानात आज जे घडते ते असे. संगणकावर तयार केलेले चित्र आरशात दिसावे तसे उलटे करून विशेष कागदावर छापतात. शाई चारच रंगांची असते : निळसर, किरमिजी, पिवळी व काळी. कागदावरचे हे चित्र इतके मळकट व निस्तेज दिसते की प्रथमच पाहणाराला काम बिघडले असे वाटावे. नंतर तो कागद कापडावर पालथा घालून 'हीट प्रेस' ह्या दाबयंत्रात ठेवतात. तापमान सामान्यतः १९० ते २०५ अंश सेल्सियस, वेळ पाऊण ते एक मिनिट. एवढ्या अवधीत दोन गोष्टी एकाच वेळी होतात. कागदावरील रंग घनरूपातून एकदम वायुरूप होतो, म्हणजे उडतो. आणि पॉलिस्टरचे आतील रेणू, जे सुमारे ७०-८० अंशांपर्यंत जखडल्यासारखे असतात, ते सैल होऊन त्यांच्यात जागा निर्माण होते. पॉलिस्टर वितळण्यास सुमारे २५५ अंश लागतात, म्हणून तंतू मोडत नाही. केवळ त्याची दारे उघडतात असे म्हणता येईल. वायुरूप रंग त्या दारांतून आत शिरतो. कागद काढताच कापड थंड होते, दारे मिटतात, रंग आत अडकतो. मळकट दिसणारे चित्र आता अकस्मात उजळते. हातास काहीही लागत नाही. चित्र असलेली व नसलेली जागा डोळे मिटून ओळखता येणार नाही. मराठीत ह्याला एकच शब्द आहे : रंग मुरला.

ह्या वर्णनावरून ह्या पद्धतीच्या मर्यादाही आपोआप निष्पन्न होतात. कापसाच्या तंतूत असली दारे नाहीत. सुती सदऱ्यावर तोच कागद दाबला तर चित्र उमटते खरे, आणि दुकानातून घरी नेईपर्यंत ते बरेही दिसते. परंतु रंग तेथे फक्त टेकलेला असतो. दोन-चार धुण्यांत तो निघून जातो. मिश्र कापडात जेवढा भाग पॉलिस्टरचा तेवढाच रंग टिकतो. निम्मे सूत व निम्मे पॉलिस्टर असेल तर चित्र पहिल्यापासूनच जुनाट व फिकट दिसते. काही जण ते मुद्दाम तसे मागतात, हा भाग वेगळा. झळझळीत चित्र हवे असल्यास कापड सर्वस्वी, निदान बहुतांशी, पॉलिस्टरचे हवे. सुती कापडावर लेप देऊन हे काम साधण्याचे उपाय बाजारात आहेत, पण लेप म्हणजे पुन्हा थरच. रंग त्या थरात मुरतो आणि थर कापडावर बसतो. चिनी मातीच्या पेल्यांवर जी छायाचित्रे ह्या पद्धतीने छापतात त्यांचेही रहस्य हेच. मातीत काही मुरत नाही. पेल्यावर आधी पॉलिस्टरजातीचा लेप दिलेला असतो.

दुसरी मर्यादा पांढऱ्या रंगाची. ह्या शाईत पांढरा रंग नाही, असूही शकत नाही, कारण मुरलेला रंग खालच्या रंगाला झाकत नाही, त्याच्यात मिसळतो. काळ्या सदऱ्यावर पिवळी अक्षरे ह्या मार्गाने काढता येणार नाहीत. मग संघांचे काळे व गडद निळे सदरे दिसतात ते कसे? पांढऱ्या कापडावर काळा रंग सर्वत्र छापून अक्षरांपुरती जागा मोकळी ठेवलेली असते. अशा सदऱ्याची आतली बाजू उलटून पाहावी. ती पांढुरकी असते. सदरा सब्लिमेशनचा आहे की नाही हे ओळखण्याची ही सर्वांत सोपी खूण होय. रंग तंतूत मुरला असला तरी तो वरच्या बाजूच्या तंतूंतच मुरलेला असतो, म्हणून घट्ट बसणारा सदरा छातीवर ताणला गेला की विणीच्या फटींतून आतला पांढरेपणा डोकावतो. तयार शिवलेला सदरा दाबयंत्रात घातला तर काखेत, बाहीच्या जोडावर व शिवणीच्या कडेला कागद नीट टेकत नाही आणि तेथे पांढरे ओरखडे राहतात. म्हणून सर्वांगावर चित्र असलेले चांगले सदरे आधी छापतात, मग शिवतात : पाठ, पोट आणि बाह्या निरनिराळ्या छापून नंतर जोडतात. १९९२ साली विश्वचषक क्रिकेट स्पर्धेत प्रथमच रंगीत पोशाख आले. आज त्या पोशाखांवर जे रंग एकातून दुसऱ्यात विरघळत जाताना दिसतात, ते ह्या रीतीने छापलेले असतात. तयार सदऱ्यावर छातीपुरते चित्र छापणारा दुकानदार आणि कापडापासून सदरा शिवून देणारा कारखानदार ह्यांच्या दरातील तफावत ह्याच कारणाने असते. ती नफेखोरी समजण्याचे कारण नाही.

पर्याय कोणते, ह्याचा विचार थोडक्यात पुरे. स्क्रीनची छपाई ही जाळीतून शाई ओढून करावयाची. प्रत्येक रंगाला स्वतंत्र स्क्रीन लागते. समजा एका स्क्रीनला ५०० रुपये पडतात आणि चित्रात तीन रंग आहेत, तर तयारीचेच १,५०० रुपये झाले. सदरे ३०० असतील तर दर सदऱ्यामागे हा भार ५ रुपये. पंधराच असतील तर १०० रुपये. उलट सब्लिमेशनमध्ये रंग तीन असोत की तीनशे, आणि प्रत्येक सदऱ्यावर निराळे नाव असो, खर्चात फारसा फरक पडत नाही. थोड्या संख्येच्या मागणीत ह्या पद्धतीचे बळ ते हेच. 'डीटीएफ' नावाची पद्धत अलीकडे फार पसरली आहे. तीत पातळ फिल्मवर पांढऱ्यासह सर्व रंगांनी चित्र छापून, त्यावर चिकट भुकटी पसरून, ते उष्णतेने कापडावर चिकटवितात. सुती, मिश्र, काळे, कोणतेही कापड तिला चालते. पण चित्राच्या जागी अंगाला एक पापुद्रा जाणवतो आणि मोठे चित्र असल्यास त्यातून हवा खेळत नाही. सुती कापडावर थेट शाई फवारणारी यंत्रेही आहेत. त्यांचे काम सुंदर पण संथ. येथे एक गमतीची अडचण सांगण्याजोगी आहे. लाल पॉलिस्टरच्या सदऱ्यावर स्क्रीनने पांढरे आकडे छापले तर काही दिवसांत ते गुलाबी होतात. कापडातला लाल रंग शाई सुकविण्याच्या उष्णतेने उडून वरच्या पांढऱ्या थरात जाऊन मुरलेला असतो. संप्लवन हे मुद्रकाने बोलावले तरच येते असे नाही.

तीच गोष्ट इस्त्रीची. सुती कपड्यांसाठी इस्त्रीवर जी तीन टिंबांची खूण असते तिचे तापमान २०० अंशांच्या आसपास, म्हणजे दाबयंत्राच्या तापमानाएवढेच. ज्या उष्णतेने रंग आत शिरला तीच पुन्हा दिली तर दारे पुन्हा उघडतात, आणि रंग इस्त्रीखालच्या चादरीला किंवा त्याच सदऱ्याच्या पाठीला जाऊन लागतो. ज्या गुणामुळे तो येतो त्याच गुणामुळे जातो. म्हणून हे सदरे मंद इस्त्रीने, उलट्या बाजूने इस्त्री करावे. बहुधा त्यांना इस्त्रीची गरजही नसते. धुण्यात मात्र हा रंग सर्वांत पक्का. पाण्याला तंतूत शिरकावच नसल्यामुळे साबणाचेही काही चालत नाही. उन्हाचे तसे नाही. सतत उन्हात राहणारी निशाणे व पडदे ह्या पद्धतीचे असले तरी हळूहळू विटतात.

इथवरचा विचार वस्त्राचा झाला. ते अंगावर घालणाऱ्याचा विचार ह्याहून महत्त्वाचा असून तोच सर्वांत कमी होतो. धावणारा, खेळणारा, पुष्कळ घाम गाळून लगेच सदरा बदलणारा मनुष्य पॉलिस्टरवर संतुष्ट असतो. जाळीदार विणीचे कापड घाम शोषीत नाही, पण पसरवून लवकर वाळविते आणि भिजले तरी जड होत नाही. दिवसभर तोच सदरा घालून उभे राहावयाचे असल्यास, विशेषतः कोकणातल्या दमट हवेत, हाच गुण उलटतो. घाम कापडात न जाता अंगावरच राहतो आणि वासही धरतो. वारीच्या वाटेवर दिवसचे दिवस चालणाऱ्या दिंडीसाठी एखादा हितचिंतक असे सदरे छापून आणतो तेव्हा त्याचा हेतू चांगला असला तरी त्याची निवड चांगली नसते. काहींच्या त्वचेला डिस्पर्स वर्गातील विशिष्ट रंजकांमुळे खाज व पुरळ येते. 'निळा १०६' आणि 'निळा १२४' ही दोन नावे त्वचारोगतज्ज्ञांना ह्याच कारणासाठी परिचित आहेत. बाजारात 'कॉटन फील' असे सांगून जे कापड विकले जाते ते स्पर्शाला सुती वाटणारे पॉलिस्टरच असते. संशय असल्यास कापडाच्या कडेचे दोन धागे चिमट्यात धरून पेटवून पाहावे. सूत कागदासारखा वास देत जळते आणि हलकी राख होते. पॉलिस्टर आक्रसून वितळते आणि त्याचा कठीण मणी बनतो.

हा मणी क्षणभर लक्षपूर्वक पाहण्यासारखा आहे. शिवजयंतीला गडावरून शिवज्योत घेऊन गावोगावचे तरुण धावत येतात. त्यांच्या अंगावर त्या वर्षासाठी मुद्दाम छापून घेतलेले सदरे असतात, संख्या वीस-पंचवीस, प्रत्येकावर नाव, पाठीवर महाराजांचे भव्य रंगीत चित्र. संप्लवन-मुद्रणाला ह्याहून अनुरूप मागणी दुसरी कोणती असणार! परंतु हातात पेटती मशाल आहे, धावताना वारा आहे, तेलाचे थेंब व ठिणग्या उडत आहेत. सुती कापडावर ठिणगी पडली तर तेही पेटते आणि तेही निर्धोक नाही. पण वितळलेले पॉलिस्टर कातडीला चिकटते, आणि चिकटलेले कापड ओढून काढणे म्हणजे कातडी काढणे. त्यामुळे भाजलेली जखम अधिक खोल होते. भट्टीशी, आचाऱ्याच्या चुलीशी किंवा जोडकामाच्या ठिणग्यांशी काम करणाऱ्यांनाही हेच लागू आहे. अशा प्रसंगी जाड सुती कापडावर एक-दोन रंगांत स्क्रीनची छपाई करून घ्यावी; चित्र साधे होईल, पण मशाल धरणाऱ्याच्या अंगावर ते शोभेल. छापखान्यात हा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाही, कारण छापणाराला कार्यक्रम ठाऊक नसतो आणि कार्यक्रम करणाराला कापड ठाऊक नसते.

पर्यावरणाच्या दृष्टीने ह्या पद्धतीची जी स्तुती केली जाते ती निम्मी खरी आहे. सुती कापडावरील मुरणारी छपाई पाण्यावाचून होत नाही. रंग वाफेवर पक्का करावा लागतो, उरलेला धुऊन काढावा लागतो, आणि ते रंगीत पाणी कोठे तरी सोडावे लागते. पंचगंगेच्या प्रदूषणाच्या चर्चेत इचलकरंजीच्या प्रक्रियागृहांचा उल्लेख वारंवार येतो तो ह्याच संदर्भात. संप्लवन-मुद्रण कोरडे आहे, तेथे असे सांडपाणी नाही. पण एकदा वापरलेला कागद, ज्यावर थोडा रंग उरलेलाच असतो, टाकून द्यावा लागतो. आणि मूळ तंतू खनिज तेलापासून झालेला. प्रत्येक धुण्यात त्याचे डोळ्यांना न दिसणारे तुकडे पाण्यात जातात आणि ते कुजत नाहीत. एका दिवसाच्या कार्यक्रमासाठी छापलेला आणि पुन्हा कधीही न घातलेला सदरा कोणत्याही शाईने छापला तरी महागच.

राहता राहिला अक्षरांचा प्रश्न. नागरी लिपीत ज्यांचे नाव छापावयाचे आहे त्यांच्या दृष्टीने तो गौण नाही. पूर्वी थोड्या सदऱ्यांवर मराठी नाव छापून घेणे परवडत नसे. दुकानदाराकडे रोमन अक्षरांचे तयार साचे असत आणि खेळाडूच्या पाठीवर त्याचे नाव रोमन लिपीत येई. सब्लिमेशनमध्ये लिपी कोणतीही असली तरी खर्च तोच, म्हणून नागरी अक्षरे आता पाठीवर दिसू लागली आहेत. परंतु वायुरूप रंग रेषेच्या कडेला किंचित पसरतो. कागद काढताना तसूभर सरकला तर अक्षराला सावली धरते. आणि जाळीदार विणीत मुळातच बारीक छिद्रे असतात. रोमन अक्षरे ह्याने फक्त बोजड दिसतात. नागरीत अर्थ बदलतो. ध आणि घ, भ आणि म, थ आणि य ह्या जोड्यांतील भेद बव्हंशी शिरोरेषेतील एका बारीक फटीवर अवलंबून आहे. ती फट रंगाने भरली की धुळ्याचा संघ 'घुळे' म्हणून मैदानात उतरतो आणि भोर तालुक्याचा 'मोर' होतो. अनुस्वार छिद्रात हरवला की पंढरी 'पढरी' होते. म्हणून लहान अक्षरांसाठी बारीक व नाजूक वळणे टाळावीत, फट मुद्दाम रुंद ठेवलेला टाइप घ्यावा, आणि अनुस्वाराचे टिंब नेहमीपेक्षा मोठे करावे.

दुसरी आपत्ती संगणकावरच ओढवते. मराठी मजकूर एका यंत्रावर एका टाइपात जुळविला आणि तो टाइप नसलेल्या दुसऱ्या यंत्रावर उघडला, तर ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या पुढे सरकते, रफार भलत्या अक्षरावर जातो, जोडाक्षरे पाय मोडून सुटी उभी राहतात. ह्यासाठी मजकुराच्या अक्षरांच्या बाह्यरेषा करून मगच तो छापखान्यात द्यावा. व्यवसायात ह्याला 'कर्व्ह करणे' म्हणतात. तसे केल्यावर चुका दुरुस्त करता येत नाहीत, म्हणून शुद्धलेखन आधी तपासावे. छापलेल्या कागदावर अक्षरे उलटी असतात. खिळे जुळविणाऱ्यांच्या जुन्या पिढीला उलटे अक्षर सुलट्यासारखेच वाचता येई. आज तो सराव कोणाला राहिलेला नाही आणि उलट्या कागदावरील चूक नजरेतून हमखास निसटते. पहिला एक सदरा छापून घेऊन, तो हातात धरून, कार्यक्रमाशी संबंध नसलेल्या एखाद्या माणसाकडून त्यावरील नावे मोठ्याने वाचून घ्यावीत आणि मगच उरलेल्या कामाला संमती द्यावी. त्याच वेळी त्या सदऱ्याचे टोक ओले करून पांढऱ्या फडक्यावर घासून पाहावे, आणि छातीवरचे कापड दोन्ही हातांनी ताणून भगव्याच्या आत पांढरे किती दिसते तेही पाहावे.